पाकीट फोडलेलं नाणं

सात रस्त्याजवळच्या एका सराफी दुकानात मी सोळा वर्षं काम करते आहे. नाण्यांचं काउंटर माझ्याकडे आलं तेव्हा लोक मोडायला आणायचे त्या गळ्यात घालायच्या सोन्याच्या जुन्या पुतळ्या, नाहीतर इंग्रज राजाचं डोकं असलेल्या गिन्न्या. विकत न्यायचे ती लक्ष्मीच्या छापाची नाणी. आपल्या देशाचं म्हणावं असं सोन्याचं नाणं मी पहिल्यांदा पाहिलं ते दहाएक वर्षांपूर्वी. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला राष्ट्रपित्याचा चेहरा. चोवीस कॅरेट, पाच आणि दहा ग्रॅममध्ये. प्रत्येक नाणं कडक पाकिटात बंद.

मागच्या दिवाळीत टेंभुर्णीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करणाऱ्या तरुणाने माझ्याकडून पाच ग्रॅमचं नाणं घेतलं. आईला द्यायचं म्हणाला. तिच्याकडे माहेरची एकच पुतळी होती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ती तिने याच्या शिक्षणासाठी मोडली होती. मी त्याला नेहमीप्रमाणे बजावलं, "पाकीट उघडू नका. परत द्यायची वेळ आली तर बंद पाकिटाला कटकट नसते."

उन्हाळ्यात तो आईला घेऊन आला. सांगोल्याकडच्या माळावर शेळ्या-मेंढ्या राखणारी बाई, उन्हाने काळवंडलेली. तिने पदराच्या गाठीतून पाकीट काढलं आणि काचेवर ठेवलं.

"बाई, ह्याला भोक पाडून द्या. दोऱ्यात घालायचंय."

मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगा हिला. ऐकतच न्हाय."

मी सांगितलं. शुद्ध सोनं फार मऊ असतं, भोकाशी फाटेल, पाकीट फोडलं तर पुढे विकताना तपासणी लागेल. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पर मला इकायचंच न्हाय की!"

"आये, अडीअडचणीला आसावं म्हणून दिलंय."

"व्हय रं. पर सा म्हयने झालं, पेटीत पडलंय. बायका म्हणत्यात, पोरानं काय दिलं दाव. मी पलाष्टिक दावते. शेरडांमागं चालताना हात आपसूक गळ्याशी जातोय. तितं काय नसतंय. तुज्यासाठी पुतळी मोडली त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाय. पर गळा मोकळा लागतोय बग."

'उघडू नका' हे मीच सांगितलं होतं, आणि ज्या बाईसाठी ते नाणं होतं तिचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

मग मुलानेच माझ्याकडून कात्री मागून घेतली. पाकीट चिवट होतं, दोनदा सटकलं. तिसऱ्यांदा कापलं गेलं आणि नाणं त्याने आईच्या तळव्यावर ठेवलं.

तिने ते उलटंपालटं करून पाहिलं, अंगठा फिरवला आणि आम्ही काही म्हणायच्या आत दाताखाली धरलं.

"आये!"

कडेला बारीक खूण उमटली होती. ती लहान मुलीसारखी हसली. "मऊ हाय की खरंच. बाई खोटं बोलत न्हाय."

मी आतून कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, भोक नको, नाण्याच्या कडेने बावीस कॅरेटची बारीक चौकट बसवू आणि तिलाच कडी लावू. नाण्याला धक्का लागणार नाही. दाताची खूणही घासून देतो.

"खूण ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"कुठली बाजू दर्शनी ठेवू?" कारागिराने विचारलं.

तिने जरा विचार केला. "नोटेवरलं म्हातारबाबा आत छातीकडं असू द्या. चाक भायेर. माज्या पोराचं काम गाड्यांचं हाय."

ते अशोकचक्र आहे, असं मुलगा सांगायला गेला. मग कारागिराकडे वळून म्हणाला, "चाक भायेर."

आठ दिवसांनी नाणं तयार झालं. ती ते गळ्यात घालूनच घरी गेली. महिन्याभराने मुलाचा फोन आला. आधी वाटलं, तक्रार आहे.

"मॅडम, ती रानात घालून जाते, घरात घालते, अंघोळीलाबी काढत न्हाय. चालतंय का?"

"चोवीस कॅरेट आहे," मी म्हणाले, "पाण्याने काळं पडत नाही. घालू द्या त्यांना."

"बरं झालं," तो म्हणाला. "मी न्हाय म्हणलो आसतो तरी तिनं ऐकलं नसतं."