एका गाण्याएवढं पाणी

फुलसावंगीत नळाचं पाणी सोडणारे बळीराम मुनेश्वर घड्याळ पाहत नाहीत. त्यांच्या कानात ‘स्लेट हॅरो’ या कधीच मोडलेल्या इंग्लिश बँडचं बावीस मिनिटांचं गाणं असतं. ते दोनदा संपलं, की ते एका आळीचा व्हॉल्व्ह बंद करून पुढच्या आळीचा उघडतात. यूट्यूबवर या गाण्याखाली तीन प्रतिक्रिया आहेत. तिन्ही बळीरामांच्याच.

बळीराम भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतात. या गाण्यात सात मात्रांनंतर पाच, मग अकरा मात्रा येतात आणि शेवटी सगळे वादक एकदम समेवर उतरतात. ती जागा दुसऱ्या कोणाला तरी कळावी, एवढीच त्यांची नऊ वर्षांपासूनची इच्छा.

मार्चमध्ये पार्टीच्या गायिका तुळसाबाई व्हॉल्व्हपाशी भेटल्या. बळीरामांनी एक इअरफोन त्यांना दिला. त्या टाळी धरू लागल्या आणि चुकल्या. बळीरामांनी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. तिसऱ्यांदाही तेच झालं.

“हे लोक चुकून राह्यले, बळीरामभाऊ.”

“नाही ताई, आपण चुकून राह्यलो. थांबा, सम येतेच.”

“येऊ द्या. मले सयपाक आहे.”

त्या गेल्या तेव्हा सम चार मिनिटांवर होती.

तोवर पुढच्या आळीतल्या बाया रिकामे गुंड-घागरी घेऊन आल्या. “काहो भाऊ, आज गाणं लांबलं काय?” टाकी आधीच्याच आळीत आटली होती.

आता बळीराम दोन्ही इअरफोन आपल्याच कानांत घालतात आणि गाणं मागे नेत नाहीत.