विकायला नेलेला चक: नाशिक, धुळे, जळगाव

नाशकात गिऱ्हाईक मिळालं नसतं असं नाही. पण नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "इथं सगळे ओळखतात. लेथचं सामान विकताना मला कुणी बघायला नको." मग मी सुट्टी टाकली, गाडीच्या डिकीत जुनी पोती अंथरली आणि आम्ही खानदेशात निघालो.

नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात पुष्कळ सुधारला, पण लेथवर जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, एक बाजू कातून उलटा धरला की डगमगायचा. जॉब धरतो तो चक, आणि त्यातले तीन जबडे म्हणजे जॉ, ते किल्लीने आवळायचे असतात. "बोटांत आवळायची ताकदच उरली नाही," असं नानांनी ठरवून टाकलं आणि घरात कुणी वाद घातला नाही. हा चक त्यांनी आजारपणाच्या जरा आधी जळगावहून जुनाच, मोठ्या हौसेने आणला होता. आता आधी चक आणि स्टेडी, म्हणजे लांब जॉबला आधार देणारी चौकट, विकायची, मग लेथ, मग नानांच्या कामाच्या शेडला कुलूप, असा बेत होता.

चांदवड, मालेगाव करत धुळ्यापर्यंत रस्ता झकास आहे, फक्त टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. धुळ्यात शेवभाजी खा. कमी तिखट सांगितलं तरी तिखटच येते, तेव्हा सांगण्यात वेळ घालवू नका.

जुन्या मशिनरीच्या दुकानातल्या भाऊंनी स्टेडी लगेच ठेवून घेतली, भावही बरा दिला. मग रॉकेलच्या फडक्याने चकचे जॉ पुसता पुसता ते थांबले.

"नाना, हाऊ तिसरा जॉ या चकना नही शे."

"एक, दोन, तीन नंबर बरोबर आहेत की," नाना म्हणाले.

"ते बराबर शेत. पन त्यानाखाल चकना नंबर देखा. दोन जॉवर येक, तिसरावर दुसराच."

मला नीट कळावं म्हणून त्यांनी समजावलं. जॉ त्या त्या चकवरच घासून जुळवलेले असतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या चकचा जॉ आत जातो, वरून शोभतोही, पण पकड मधोमध येत नाही, जॉब डगमगतो. भाऊंना गप्प बसून चक स्वस्तात घेता आला असता. त्यांनी तो पोत्यात बांधून परत माझ्या हातात दिला. "इकू नका. जळगावले जा, जेनाकडतीन लिधा त्याले इचारा."

रात्री लॉजवर (दोघांची खोली बाराशे, गरम पाणी सकाळीच) मी भलतीच खुशीत होते. नाना म्हणाले, "आशा लावू नकोस. जॉ चुकला असेल, पण हातही गेलेलाच असेल."

सकाळी पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगाव. चक विकणाऱ्या आबांनी जॉ बघितला आणि कपाळाला हात लावला. "मनी चूक व्हयनी, नाना! दसराले दोन्ही चक एकच घमेलामा धोयात."

त्यांच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा जोरात असते. पूजेआधी प्रत्येक चक खोलून, जॉ काढून, रॉकेलमध्ये लख्ख धुवायचा आणि मग हळदकुंकू. भक्ती पूर्ण झाली, फक्त दोन चकांच्या जॉची अदलाबदल झाली. जोडीतला दुसरा चक पिंप्राळ्यात गेला होता. आबांनी दुकानाचं शटर ओढलं आणि वाट दाखवायला स्वतः गाडीत बसले.

तो घेणाऱ्या अक्का पिंप्राळ्यात घरामागच्या शेडमध्ये स्वतः लेथ चालवतात. त्यांच्या चकमध्ये पकड जुळावी म्हणून एका जॉखाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून खुपसलेली होती. तेवढ्यावर बाई काम रेटत होत्या.

"आणि मी आपली मशीनला शिव्या देत बसलेय!" अक्का म्हणाल्या.

"मी हाताला देत होतो," नाना म्हणाले.

अक्कांनी हातातली किल्ली थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. जॉ बदलून झाले, तेव्हा ती किल्ली त्यांनी नानांपुढे धरली. नाना मागे सरले. "तुम्हीच आवळा."

"पाहुण्यांचा मान आहे," अक्का म्हणाल्या आणि हात पदराला पुसत बाजूला झाल्या.

नानांनी जॉबची एक बाजू कातली, तो उलटा धरला आणि उजव्या हाताने चक आवळला. अक्कांनी डगमग मोजणारा डायल लावला. चक फिरवला तसा काटा जरासा हलला आणि तिथेच राहिला. नानांनी पुन्हा फिरवून बघितलं, मग पुन्हा. मी शेडच्या दारात उभी राहून रडले, उगाच कशाला लपवू.

जेवायला अक्कांनी सोडलं नाही. भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. पैशाचं नाव काढायची सोय नव्हती. आबांनी केळीच्या वेफर्सची पिशवी गाडीत टाकली.

परतताना धुळ्यात स्टेडी परत मागावी की नाही, या संकोचात आम्ही दुकानापाशी थांबलो. ती टेबलाखाली बाजूला काढून ठेवलेली होती. "कोन्हले इकी नही," भाऊ म्हणाले आणि दिले होते तेवढेच पैसे परत घेतले.

तुम्ही जुनं सामान घ्यायला गेलात तर प्रत्येक जॉवरचा नंबर पुसून वाचा. नाही वाचलात तरी तिथली माणसं वाचतील, असा माझा अनुभव आहे. भाऊ, आबा, अक्का, तिघांचे उपकार आहेत आमच्यावर.

नाशकात पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, गल्ली माणसांनी भरलेली. मी म्हटलं, "नाना, अंधार पडला की सामान उतरवू?"

"कशाला?" म्हणत त्यांनी डिकी उघडली. समोरच्या ओट्यावरच्या दोघांना हाक मारली, पोतं सोडलं आणि चक उजव्या हाताने उचलून त्यांना दाखवायला निघाले.