इस्त्रीचा ढीग

पोकलेनवर बसून मातीचा ढीग लावायचा आणि मग बकेटीच्या पाठीने त्याला चारी अंगांनी थोपटून गुळगुळीत करायचा, ही त्याची जुनी खोड. ढीग असा निघायचा की माशी बसली तर घसरावी. म्हणून साइटवर सगळे त्याला इस्त्री म्हणत. खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर तोच मागे वळून बघायचा, कुणाला बोलावताहेत म्हणून.

त्याचा बाप घमेल्याने माती वाहत गेला. घमेल्याने आधी डोक्यावरचे केस खाल्ले, मग मान. पोराने तेव्हाच ठरवलं, आपल्यालाही मातीतच जायचं असेल तर निदान वर बसून जाऊ. तो वर बसला. केबिनमधून मुकादम काय, इंजिनिअर काय, सगळे मुठीएवढे दिसायचे. एकच माणूस असा होता की कितीही वरून बघितला तरी लहान दिसत नव्हता. तो म्हणजे त्याचा साडू.

साडू रोपवाटिकेत कामाला होता. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आला तो लिंबाचं रोप घेऊन. त्याआधी इस्त्रीने मशीन नेऊन सासूचं अख्खं अंगण सपाट करून दिलं होतं. चेंडू ठेवला तर हलू नये असं. अंगणाचं कौतुक आठवडाभर टिकलं, लिंबाचं संपेचना. कुणीही आलं की सासू सांगणार, "हे आमच्या धाकट्या जावयाने लावलंय." ते झाड बघायला माणसं उभी कुठे राहायची, तर थोरल्या जावयाच्या अंगणात. पण अंगणाला थोडीच लिंबं लागतात?

त्यात इस्त्रीने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. कंपनीला ओढ्याकाठच्या उतारावर इस्पितळ बांधायचं होतं. काम घेतानाच अट होती, की मोठी झाडं राखायची, ओढ्यात गाळ जाऊ द्यायचा नाही, आणि वरची काळी माती वेगळी काढून जिवंत ठेवायची. इमारत झाली की तीच परत पसरून झाडझाडोरा लावायचा. हे सगळं सांभाळायला माणूस हवा होता. इस्त्री सासरी जाऊन म्हणाला, "माझ्या शब्दावर कंपनी चालते." आणि साडूला कामावर चिकटवलं. आपल्या मशीनखाली साडू राबतोय, एवढं चित्र त्याला पुरेसं होतं.

झालं उलटंच. साडूने झाडांभोवती फांद्या पोचतात तिथवर दोर बांधला, ओढ्याच्या कडेने कापडाचा पडदा ठोकला, आणि त्याने हात वर केला की एवढं धूड जागच्या जागी थांबायला लागलं.

"एवढ्या लांबून दोर? झाड आहे का नवरी?" इस्त्रीने वरून विचारलं.

"मुळं तिथवर असतात, साडूभाऊ. मशीन गेलं की दबतात."

"मला शिकवतोस? मी जन्मभर माती खाल्लीय."

"म्हणून तर म्हणतो, थोडी झाडांना ठेवा."

खालचे मजूर फिदीफिदी हसले. इस्त्रीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काळी माती काढायच्या वेळी साडूने बजावून सांगितलं होतं, ढीग कमरेएवढाच ठेवा आणि सैल ठेवा. दाबला की आतल्या मातीचा श्वास कोंडतो. नेमका दुसऱ्या दिवशी तो ढिगावर पेरायचं गवताचं बी आणायला गेला. मैदान मोकळं मिळाल्यावर इस्त्रीने जे केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम होतं. सगळी माती एका जागी चढवली, दोन पुरुष उंच, आणि बकेटीच्या पाठीने थाप थाप थाप. कडा अशा धरल्या की सुरीने कापल्यागत. मोठे साहेब जाता जाता थांबले, म्हणाले, "वा, ढीग असावा तर असा." इस्त्रीला वाटलं, आता आण म्हणावं लिंबाचं झाड.

साडू परतला. ढिगाभोवती एक फेरी मारली आणि हळूच म्हणाला, "साडूभाऊ, हा फोडून पसरावा लागेल."

"साहेबांना आवडला. तुझ्याच पोटात का दुखतंय?"

साडूने बियांचं पोतं सोडलं. त्याने तसंच बी टाकलं, पाणी मारलं. टकलावरून ओघळावं तसं पाणी ओघळलं, आणि बी त्याच्यासोबत खाली आलं. बाकी साइटवर नको तिथे गवत माजलं. ढीग तेवढा तुळतुळीत राहिला.

मग कंपनीचं झाडापाण्याचं काम बघणाऱ्या बाई आल्या. त्यांनी ढिगात पहार घातली. आतून कुबट वास आला.

"माती सांभाळायला माणूस ठेवला," बाई म्हणाल्या, "आणि माती मरायला लागली. मग माणूस कशाला ठेवायचा? पुढच्या फेरीला हे असंच दिसलं तर तुमचं काम थांबलं म्हणून समजा."

साडूने मान खाली घातली. कुणाचं नाव घेतलं नाही. इस्त्री केबिनमध्ये बसून ऐकत होता. खोटं कशाला सांगा, त्याच्या पोटात गारेगार वाटलं.

संध्याकाळी घरी आला तर बायको भांडी आपटत होती.

"ताई ताई करत धाकटी आली होती. डोळे सुजलेत तिचे."

"मग मी काय करू?"

"काही नका करू. त्यांनी तिलासुद्धा सांगितलं नाही ढीग कुणी दाबला ते. तुमच्या मुकादमाच्या बायकोकडून कळलं मला." तिने शेवटचं पातेलं पालथं घातलं. "माणूस मोठ्या मनाचा आहे हो."

गार पडलेलं पोट पुन्हा पेटलं. नोकरी जायची वेळ आली, तरी कौतुक त्याचंच. बोलला तर शहाणा, गप्प बसला तर मोठ्या मनाचा. या माणसाला हरवायचं तरी कसं?

सकाळी साइटवर बघतो तर साडू कुदळ घेऊन ढिगावर चढलेला. सोबत मजूरही, आपणहून आलेले. इस्त्रीने धरलेल्या कडा ढासळत होत्या आणि घाम पुसणाऱ्या साडूला कुणीतरी पाणी देत होतं. ते पाणी बघून इस्त्रीला राहवेना. त्याने मशीन सुरू केलं, हॉर्न दाबून धरला.

"खाली उतरा सगळे. माझ्या ढिगाला दुसऱ्याचा हात नकोय."

बकेटीचे दात त्याने ढिगात घातले. केस विंचरावे तसा ढीग फोडला, कमरेएवढा करून लांबवर पसरला. ढेकळं, भुगा, सगळं चुरगळलेलं. जन्मात असं ओंगळ काम त्याने केलं नव्हतं. शेवटी सवयीने बकेटीची पाठ थोपटायला खाली आली. साडूचा हात वर गेला. पण बकेट त्याआधीच थांबली होती.

बाई आल्या तेव्हा इस्त्री आपणहून पुढे झाला. "ढीग मी दाबला होता. यानं नको म्हणून सांगितलं होतं. ढीग माझा, चूक माझी, यात याचा काडीचा वाटा नाही." कारण ती चूक अंगावर घेऊन साडू दिवसेंदिवस मोठा होत चालला होता, आणि ते इस्त्रीला परवडणारं नव्हतं. बाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. साडूचं काम राहिलं.

गवत आलं. पुढे इमारत उभी राहिली तेव्हा तीच माती तिच्याभोवती पसरली, तिच्यात झुडपं धरली. राखलेली झाडं उभी होतीच, आणि ओढा नितळ. दोन्ही लेकी सासूला बघायला घेऊन आल्या.

"हे एवढं हिरवं कुणी केलं रे?" सासूने धाकट्या जावयाला विचारलं.

साडूने केबिनकडे बोट केलं. "साडूभाऊंनी. माती त्यांच्या हातची आहे."

सासूने कपाळावर आडवा हात धरून वर बघितलं. इस्त्री ताठ बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे अशी बघत होती.

"हो का," सासू म्हणाली. मग धाकट्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बघा कसा आहे. स्वतः केलं तरी दुसऱ्याचं नाव घेतो."

इस्त्रीने मशीन सुरू केलं आणि उगाचच पलीकडचा मुरमाचा ढीग थोपटायला घेतला. मुरमाला कुणाची हरकत नव्हती.