शकूमावशीचं बेलाचं सरबत

अकोल्याहून मावसाजींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत, घरी, मुलांचे पेपर तपासत होते. "शकू गेली," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून बायांचं रडणं ऐकू येत होतं. त्याला आता दीड महिना झाला.

शकूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे, आणि ते मावसाजींच्या एका थपडेनं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती माहेरी आली की आजोबा दोन दिवस ठेवून घेत आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये बसवून देत. आम्ही पोरं हात हलवायचो.

बारावीनंतरच्या मे महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. भर दुपारी मावसाजी कूलरसमोर पिऊन झोपले होते. मावशीनं दोन पिकलेले बेल आणले होते. पहिला तिनं लोखंडी बत्त्यानं ओट्यावर फोडला, गर माठाच्या पाण्यात टाकून हातानं कुस्करला. "दोनदा गाळायचं, नाही तं घशाले कडू लागते," ती मला सांगत होती. मग दुसऱ्या बेलावर बत्ता घातला.

त्या आवाजानं मावसाजी उठले. "काहून ठोकून राहिली वं? माणसानं झोपावं का नाही?" म्हणत आले आणि मावशीचे केस धरून त्यांनी तिचं डोकं ओट्यावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. भुवई फुटली, रक्त दुसऱ्या बेलाच्या गरात पडलं. मी फ्रिजला चिकटून उभी होते. तिसऱ्यांदा आपटताना त्यांनी डावा हात ओट्यावर टेकवला, आणि मावशीनं त्या मनगटावर बत्ता हाणला. हाड मोडल्याचा आवाज बेल फुटल्यासारखाच आला. मावसाजी खाली बसून गुरासारखे ओरडत होते.

"आता हात लावून पाह्य," ती म्हणाली. बत्ता वरच धरलेला होता.

मग तिनं पदरानं भुवई दाबली, पहिल्या बेलाचं सरबत गाळलं, गूळ-वेलची घातली आणि ग्लास मला दिला. "पे. तुह्यासाठीच केलं." मी प्यायले.

डॉक्टरांना मावसाजी जिन्यावरून पडले असं सांगितलं. त्यांनी पुन्हा तिच्यावर कधी हात उचलला नाही. लग्नाकार्यात हा किस्सा आम्ही रंगवून सांगायचो, सगळ्यांत जास्त मीच. मावशी नुसती हसायची.

तेरवीला गेले, तर स्वयंपाकघराचं दार उखडून भिंतीला टेकवलेलं.

"आतून कडी होती," मावसाजी म्हणाले. "पडल्याचा आवाज आला. दार तोडता तोडता अर्धा तास गेला."

"आतून कडी कशाला?"

"रोजच लावे... त्या बेलाच्या दिवसापासून. पाहुणे असले तं नाही लावे. मले ताट खिडकीतूनच भेटे."

इतकी वर्षं मी लोकांना हसवत होते.

दुसऱ्या दिवशी सुतार नवं दार घेऊन आला. कडी आतूनच बसवायची का, त्यानं विचारलं. "आता कायले?" मावसाजी म्हणाले.

जुन्या दाराची कडी मी काढून अमरावतीला आणली. बोटं लागायची तेवढ्या जागेचा रंग पार गेला आहे.