ताई त्या गाडीत बसली तेव्हा

नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी चहा घ्यायला खाली उतरले होते. परत वर येताना जिन्याच्या तोंडाशी नर्स उभी दिसली आणि तिनं काही बोलायच्या आधीच माझे पाय थांबले. ताई गेली होती. त्याला आता काही आठवडे झाले, पण त्या जिन्यावर मी अजून तशीच उभी आहे असं वाटतं... आदल्या दुपारी तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "मले भेव लागून राहिलं वं," ती म्हणाली. डॉक्टरांना बोलावू का, असं मी विचारलं. "नको. तू बस फक्त." मी बसले. तिची बोटं गार होती, आणि ती भीती तिच्या बोटांतून माझ्यात उतरत होती.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये तिला 'निर्भीड मुत्सद्दी' म्हटलं होतं. माझी थोरली बहीण वत्सला अनेक वर्षं परराष्ट्र सेवेत होती. निवृत्तीनंतर आपल्या भागातल्या काही देशांनी मिळून तिला एका लहानशा देशात विशेष दूत म्हणून पाठवलं. तिथं लष्करानं निवडणूक पुन्हा पुन्हा पुढं ढकलली होती, लोक रस्त्यावर आले होते, आणि तिथली आग सीमा ओलांडेल या काळजीनं शेजाऱ्यांची झोप उडाली होती. दोन्ही बाजूंना बोलतं ठेवायचं आणि लोकांना मत देता येईल इथवर गाडं आणायचं, हे तिचं काम. ते तिनं केलं. पण निर्भीड ती कधीच नव्हती. लहानपणी बाबांबरोबर गांधीबागेत कापड घ्यायला गेलो की गल्लीत मोकाट बैल दिसला तरी ती माझ्यामागं लपायची, मी धाकटी असून. पारशिवनीजवळ मामाच्या गावी ओढा ओलांडायचा असला की सगळे पलीकडे पोचेपर्यंत ती काठावर उभी राहायची, ओठ पांढरे पडलेले. मग एकटीच पाण्यात पाय घालायची. कुणी हात दिलेला तिला चालत नसे.

माझे यजमान गेले त्या वर्षी तिनं मला तिकडं बोलावून घेतलं. "घरात एकटी बसून काय करशील? ये इकडं." गेले, आणि पहिल्याच दिवशी पस्तावले. तिच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर रणगाडे उभे होते. बाजार अर्धा उघडा, अर्धा बंद, आणि मोटारसायकलचा आवाज आला की माणसं आधी भिंतीकडं सरकायची, मग वळून पाहायची. ताई सकाळी सेनापतींकडं जायची, दुपारी एका मठात. तिथं विरोधी पक्षाचे पुढारी लपून राहिले होते. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून आम्ही बहिणी आपसात त्यांना 'मास्तर' म्हणायचो. एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं, त्यातले अपमानाचे शब्द गाळून. हे ती आठवडेच्या आठवडे करत होती. शेवटी सेनापती निवडणुकीची तारीख जाहीर करायला तयार झाले, पण मास्तरांनी स्वतः संसद भवनात येऊन करारावर सही करावी या अटीवर. वाटेत आपल्याला मारतील, याची मास्तरांना खात्री होती. तेव्हा ताई म्हणाली, मी गाडीत तुमच्या शेजारी बसते.

त्या सकाळी तिला साडीची पिन लावता येईना. पिन दोनदा खाली पडली. "तू लाव," ती म्हणाली. मी लावली.

"काहून जाऊन राहिली मंग तू?" मी विचारलं. "दुसऱ्या कोणाले पाठव ना."

"मी नाई गेली त ते एकमेकाचं तोंडबी पाहणार नाईत वं."

ती गेली. मी खिडकीशी बसून राहिले. बाहेर रस्ता रिकामा, ऊन रखरखीत. एकदा लांबून फटफट आवाज आला आणि मी जमिनीवर बसले, कानांवर हात ठेवून... संध्याकाळी ती परत आली ती सरळ मोरीत गेली आणि उलटी केली. मग भात खाता खाता तिनं सांगितलं. पुलाजवळ सैनिकांनी अडसर टाकून गाडी अडवली होती. चारी बाजूंनी बंदुका. अधिकारी नुसता वायरलेस कानाला लावून उभा. खूप वेळ गेल्यावर ताईनं काच खाली केली आणि त्याच्याकडं पाणी मागितलं. तो गोंधळला. "गोळी घालायचा हुकूम त्याच्यापाशी असंल नसंल," ताई म्हणाली, "पण पाणी मागणाऱ्याले काय म्हणावं हे त्याले सांगितलं नव्हतं कोणी." त्यानं स्वतःची बाटली दिली. थोड्या वेळानं अडसर वर गेला.

निवडणूक झाली. मास्तर हरले. त्यांच्या माणसांनी पुन्हा रस्त्यावर उतरायची तयारी केली, तेव्हा मास्तरांनी त्यांना घरी पाठवलं आणि जिंकलेल्या माणसाचं अभिनंदन करायला स्वतः गेले. ताईला या गोष्टीचं सगळ्यात अप्रूप होतं. हरलेला माणूस जिवंत घरी गेला आणि जेवायला बसला, ती म्हणायची, यासाठीच तर सगळं केलं.

ताईच्या जाण्याचं कळल्यावर मास्तरांचा फोन आला. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं त्याहून तुटक. ते म्हणाले, पुलावर मी गाडीचं दार उघडून पळायला निघालो होतो. तुमच्या बहिणीनं माझी बाही धरली. तिचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता, त्यामुळंच मी थांबलो. अडसर वर गेल्यावर ती तुमच्या भाषेत मला काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ विचारायचा राहून गेला. त्यांनी तो उच्चार करून दाखवला, आणि मी लगेच ओळखला. "चाल गा," असं म्हणाली होती ती त्या एवढ्या मोठ्या माणसाला, मोहल्ल्यातल्या एखाद्या भावाला म्हणावं तसं.

सध्या मी तिच्याच फ्लॅटमध्ये राहते. नागपूरला परतल्यावर तिनं झोपायच्या खोलीच्या दाराला खालून आणखी एक कडी बसवून घेतली होती. लग्नाच्या वरातीतले फटाके वाजले तरी उठून ती कडी चाचपायची. परवा सुतार आला होता, खिडकी दुरुस्त करायला. "बाई, हे खालची कडी काढून टाकू का? वाकावं लागते तुमाले," तो म्हणाला. राहू दे म्हटलं. दिवे लागले की मी वाकते, आधी ती लावते, मग वरची. आणि तरीही थोडा वेळ दाराला हात लावून उभी राहते... ताई राहायची तशी.