अध्यक्षांच्या मुलाला शून्य स्थळं

वाळूनाना ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानांचे नटबोल्ट आवळून रिटायर झाले, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट पान्याने ठीक होते असं त्यांचं ठाम मत आहे. मिक्सर, सायकल, पोरंबाळं, सगळं. घरी बसवेना म्हणून ते आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष झाले. नाशिकरोडला एका मेडिकलच्या वर मंडळाची खोली आहे. तिथे बसून मंडळाची वेबसाइट सांभाळायचं काम माझ्याकडे. मी उज्वला. वेबसाइट बनवणारा मुलगा पुण्याला निघून गेला, त्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली आणि तिच्याबरोबर नानाही.

मंडळात शेतकरी मुलांचे बाप यायचे, बिचारे दारातच चपला काढून उभे राहायचे. "नाना, आमच्या पोराचं नाव टाकलं की एक बी मुलगी दिसत नाय." नाना चष्मा पुसत सांगायचे, "पोरात काय खोट हाय का बघा आधी. मशीन कधी खोटं बोलत नाय." बाप मान खाली घालून जिना उतरायचे. नाना मग मलाच ऐकवायचे, लोकांना आपली पोरं म्हणजे हिरेच वाटतात बघ.

मग गेल्या महिन्यात नानांनी स्वतःच्या मुलाचं, ओमचं नाव टाकलं. ओम निफाडला घरची द्राक्षबाग बघतो. निर्व्यसनी, कष्टाळू, बापासारखी बडबड नाही. नाव टाकलं आणि पडद्यावर आलं, 'एकही स्थळ सापडले नाही.'

"मशीन बिघडलं!" नाना खोलीत येऊन ओरडले. वा रे वा! दुसऱ्याचा पोरगा असला की खोट पोरात, आपला असला की मशीनमध्ये!

पण म्हटलं, बघू तरी. शोध लागायला आत एक सूची लागते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोण कुठे आहे ते सांगणारी. ती कोरी पडली तर काहीच सापडत नाही. मी ती पुसून नव्याने बनवली. नाना डोक्यावर उभे, "आवळलं का नीट?" शून्य. सर्व्हर बंद करून चालू केला. शून्य. दुसऱ्या दिवशी नानांनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली आणि वर लिंबू-मिरची बांधली. तरी शून्यच. वर मलाच विचारतात, "तुला येतं का गं हे, का नुसताच पगार घेती?" असं डोकं फिरलं माझं!

शेवटी ओमच्या नावापुढची माहिती एकेक काढून शोधायला घेतलं. शिक्षण काढलं, उंची काढली, पत्रिका काढली. काही फरक नाही. 'व्यवसाय: शेती' काढलं आणि धडाधड मुली आल्या, पडदा भरून गेला. नाना टाळी वाजवून हसले. मी परत शेती लिहिलं. सगळ्या गायब.

म्हणजे सूची ठणठणीत होती. मुलींच्या फॉर्मवर एक चौकोन होता, 'शेतकरी मुलगा नको', आणि त्यात बरोबरची खूण. ज्या मुलीच्या फॉर्मवर ती खूण, ती मुलगी शेतकऱ्याला दिसतच नाही. आणि खूण झाडून सगळ्यांच्या फॉर्मवर होती.

"नाना, ही खूण फॉर्मवर आधीपासूनच असते. कोणी लावायला सांगितली?"

"मीच," नाना छाती काढून म्हणाले. "भाग्यश्रीचं नाव टाकायचं होतं ना तेव्हा. एकट्या माझ्याच पोरीच्या फॉर्मवर दिसली असती तर लोकांनी नावं ठेवली असती. म्हणून म्हटलं, सगळ्यांनाच लाव. ज्याला नको त्यानं काढावी की!"

एकाही बापाने काढली नव्हती. घरी द्राक्षबाग असलेल्या बापांनीसुद्धा नाही.

"मग आता सगळ्यांची काढू? ज्याला हवी तो लावेल."

"काढ की, विचारती काय!"

"उद्यापासून भाग्यश्रीला शेतकऱ्यांची स्थळं येतील मग."

भाग्यश्री ही ओमची धाकटी बहीण, तिचं अजून जमायचंय. नानांचा चेहराच उतरला. जवळ सरकून म्हणाले, "फक्त ओमपुरतं उघडता येईल का गं?"

"येईल की! 'अध्यक्षांचा मुलगा चालेल' असा वेगळा चौकोनच करते."

"खरंच जमतं तसं?" त्यांनी आशेने विचारलं. देवा, या माणसाला टोमणाही कळेना!

तेवढ्यात ओमचा फोन आला. नानांना कमी ऐकू येतं, त्यांनी स्पीकर लावला.

"नाना, झालं का दुरुस्त?"

"नाय रे. ह्या पोरीला जमंना. मशीनच भंगार हाय."

आता मात्र माझी सटकली. "ओम, मशीनला काही झालेलं नाही! मुलींच्या फॉर्मवर 'शेतकरी नको'ची खूण आहे. भाग्यश्रीच्या फॉर्मवरची तुझ्या वडिलांच्या हाताने निघत नाही, म्हणून कोणाचीच निघत नाही. सांग त्यांना!"

फोनमधून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"माहितेय ताई," ओम म्हणाला. "तिचा फॉर्म मीच भरला होता मोबाईलवर. खूण दिसली होती मला. काढता आली असती."

"मग?"

"नाय काढली. तुम्ही बी काढू नका. तिनं कशाला जन्मभर राहायचं असल्या फवारणीच्या औषधाच्या वासात?"

नानांनी फोन तोंडाजवळ नेला.

"आणि तुझं रे?" त्यांनी विचारलं. नानांचा एवढा खाली आलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माझं काय," ओम म्हणाला, "कोणी विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणून सांगा." आणि त्याने ट्रॅक्टर चालू केला.