बाळाप्पाच्या गाडीचा काटा

बाळाप्पाला आपण कितपत ओळखत होतो, हे यज्ञेश्वर जोशींना कुणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. त्याला मुलं किती, गडमुडशिंगीत त्याचं घर कुठल्या गल्लीत, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या पिकअपच्या मागच्या धुऱ्यात किती दातांच्या गिअरची जोडी फिरते, एवढं मात्र पक्कं माहीत होतं. ती त्यांनीच निवडून दिली होती.

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते गिअरचे दात तपासायचे. अठ्ठावीस वर्षं तेच काम. बोलायची सवयच राहिली नव्हती.

बाळाप्पा जनरेटर भाड्यानं द्यायचा. दोन हजार तीन-चारचे दिवस, लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, त्यामुळे लग्नाच्या मांडवात जनरेटर हवाच. चाकांवर बसवलेलं ते धूड पिकअपच्या मागं अडकवून तो गावोगाव न्यायचा. सपाटीला ठीक चालायचं. पण एकदा जोतिबाच्या चढावर गाडीनं मान टाकली. क्लचचा जळका वास सुटला, वऱ्हाड खोळंबलं. शेवटी कृष्णात नावाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी आणि जनरेटर दोन्ही ओढून वर नेलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाळाप्पा, म्होरल्या खेपंला गाडी घरात ठेव, नुस्ता तू ये!" त्यानंतर डोंगरावरची कामं कृष्णातकडे जाऊ लागली.

बाळाप्पा उद्यमनगरात आला तेव्हा बायको शांतव्वा गाडीच्या केबिनमध्ये बसली होती. "काका," ती खिडकीतून म्हणाली, "गाडीचं ऱ्हाऊ द्या, आधी ह्येंचं इंजिन गार करा."

यज्ञेश्वररावांनी कागदावर हिशेब मांडला. इंजिनाकडून येणारा दांडा चाकाच्या एका फेऱ्याला पावणेचार वेळा फिरत होता. जोडी बदलली तर पाचाहून जास्त वेळा फिरेल. टायर बुटके घातले तर ओढ आणखी वाढेल. त्यांनी खाली लिहिलं, 'ऐंशीची गाडी बावन्नवर येईल.' आणि त्याच्याखाली, 'स्पीडचा काटा गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळे बावन्नला ऐंशीच दाखवेल.'

"ताकद येईल," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "स्पीड जाईल बरं का."

"स्पीड घिऊन काय शर्यतीला जायाचंय व्हय?"

काट्याचं सांगायचं राहिलं. शेजारी लेथ सुरू होतं, मोठ्यानं बोलावं लागलं असतं. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पुढं जोतिबाचा चढ गाडी जनरेटरसकट न थांबता चढली. बाळाप्पा पेढे घेऊन आला. "काका, हत्ती केलासा की गाडीचा!" मागं जनरेटर असला की तो सावकाशच जायचा. काट्याकडे बघायची वेळ कधी आली नाही.

चार महिन्यांनी शांतव्वा माहेरी संकेश्वरला गेली होती. बाळाप्पा तिला आणायला गेला त्याच दुपारी तिच्या छातीत कळ आली. तिथले डॉक्टर म्हणाले, लगेच कोल्हापूरला न्या. मेहुण्यानं, प्रभुलिंगनं, जीप काढलीही होती.

"जीप नगं," बाळाप्पा म्हणाला. "माझी गाडी डोंगर चढती. आन् मागं निजवून नेता येतंय."

मागं गादी टाकली. प्रभुलिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. हमरस्ता नवा, सपाट. बाळाप्पानं पाय दाबला तो उचलला नाही. इंजिन किंचाळत होतं, काटा ऐंशीवर थरथरत होता. कागलच्या अलीकडे प्रभुलिंगनं मागच्या काचेवर थाप मारली आणि हातानंच खूण केली, थांब.

शांतव्वाचं दिवसकार्य झाल्यावर बाळाप्पा उद्यमनगरात आला. दाढी वाढलेली.

"काका, एक इचारायचं हुतं. काटा ऐंशीवर हुता. मी सोता बघितलाय. मग यष्टी म्होरं कशी गेली? एक न्हाय, तीन गेल्या."

यज्ञेश्वररावांचा हिशेबाचा कागद घरी ट्रंकेत होता.

"काटा बिघडला असेल," ते म्हणाले.

"असंल," बाळाप्पा म्हणाला.

जुनी जोडी परत बसवून देतो, असं त्यांनी सुचवलं. त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. पुढं चार वर्षं तो त्याच गाडीनं जनरेटर ओढत राहिला. यज्ञेश्वरराव निवृत्त झाले. रोज सकाळी वाटायचं, आज गडमुडशिंगीला जाऊन सांगावं. कपडेही घालायचे. मग सांगून आता कुणाचं काय भलं होणार, असं म्हणत पुन्हा खुर्चीत बसायचे.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर बाळाप्पा वारल्याचं त्यांना कळलं, तेही आठ दिवस उशिरा. त्याच्या महिनाभर आधी तो उचगावच्या चहाच्या टपरीशी भेटला होता. गाडी सुरूच होती. आता सांगायचंच, असं ठरवून ते खिडकीपाशी गेले. त्यानं मान बाहेर काढली.

"बाळाप्पा, मागच्या डाव्या चाकात हवा कमी दिसतेय."

"व्हय? बघतो की. तुमी च्या घेतलासा?"

"घेतला."

"बरं. येतो मग."